साडेचार की साडेपाच

बाजारात हुरडा आला की माझा उजवा खांदा दुखायला लागतो, असं मी वर्षानुवर्षं हसत सांगत आले. चिखलीला आमच्या वाचनालयासमोर पौषात एक बाई गोवऱ्यांची शेकोटी करून ज्वारीची कोवळी कणसं भाजत बसते. तो धूर खिडकीतून आत येतो, जुन्या पुस्तकांच्या वासात मिसळतो आणि मी खांदा चोळत म्हणते, "आला माझ्या गांधीलमाशीचा हंगाम." सोबतच्या लोकांना ती गोष्ट पाठ आहे. लहानपणी ज्वारीत मला गांधीलमाशी चावली. अशी चावली की खांदा सुजला, ताप भरला, शाळा बुडाली. "तिची नांगी अजून आत असेल बघा," असं मी म्हणायची आणि सगळे हसायचे.

यंदा खांद्यानं हसू दिलं नाही. वरच्या फळीवर पुस्तक ठेवायला हात जाईना, वेणी घालता येईना. शेवटी बुलढाण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढणारी मुलगी आतून म्हणाली, "मॅडम, पिन राहिली आहे ब्लाउजला. काढून या."

मी त्यांचा गाऊन घातला होता. अंगावर पिन नव्हती, हूक नव्हता, गळ्यातलंही काढून ठेवलं होतं. तिनं येऊन पाहिलं आणि पुन्हा फोटो काढला. दुसऱ्या फोटोतही पिन तिथेच होती.

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. राखाडी हाडांच्या मधोमध, खांद्याच्या फऱ्याच्या हाडाखाली जरासा, एक पांढराशुभ्र ठिपका. त्यांनी तो मोठा केला. ठिपक्याला आकार आला. दोन्हीकडे रुंद, कमरेत बारीक, एवढुसं डमरू जसं.

"तुम्हाला पूर्वी कधी छर्रा लागला होता?"

"कसला छर्रा?"

"एअरगनचा. हा छर्राच आहे. बरीच वर्षं झालेली दिसतात."

"नाही," मी म्हटलं, "मला गांधीलमाशी चावली होती."

डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं. धक्का बसला की माणूस ओरडतो, रडतो असं मी पुस्तकांत वाचत आले होते. तसलं काही झालं नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "डॉक्टर, हा केवढा आहे? साडेचारचा की साडेपाचचा?"

साखरखेर्ड्याच्या अलीकडे आमचं गाव. बाबांचं आणि काकांचं शेत एकमेकांना लागून, मध्ये फक्त एक बांध. त्या वर्षी रब्बी ज्वारी अशी मातली होती की आत शिरलेला माणूस दिसायचा नाही, फक्त शेंडे हलायचे. कणसात दूध भरलं आणि पोपट आले. हिरवा ढग उतरावा तसे यायचे, अर्धं कणीस खायचे, अर्धं खाली पाडायचे. मचाणावर उभं राहून थाळी वाजवून आईचे हात भरून यायचे. पोपट थोडे उठायचे आणि पलीकडच्या पट्ट्यात बसायचे. त्यांना थाळीची सवय झाली होती.

कापूस घेऊन दोघं भाऊ मलकापूरला निघाले तेव्हा मला आगगाडी बघायची होती, म्हणून मी हट्टानं ट्रकच्या केबिनमध्ये बसले. गाडी पाहिली की नाही ते आठवत नाही. दुकान आठवतं. बॅटऱ्या, पंप, मासे पकडायचे गळ आणि भिंतीवर उभ्या लावलेल्या बंदुका. दुकानदारानं काचेवर दोन छर्रे ठेवले, एक लहान आणि एक जरा मोठा.

"हा साडेचार मिलिमीटर, हा साडेपाच," तो म्हणाला. "पहिले छर्रा ठरवा, मंग बंदूक देतो. याच्या नळीत तो चालत नाही."

"फरक काय दोन्हीत?" बाबांनी विचारलं.

"लहाना सरळ जाते, सस्ता पडते. मोठा जागच्या जागी पाडते."

काका म्हणाले, "मंग मोठाच घेऊ ना दादा. दोघंही एकच घेऊ. छर्रे सरले तर एकमेकाले कामी पडतीन."

बाबांनी दोन्ही छर्रे तळहातावर घेतले. बराच वेळ ते बोटानं फिरवत राहिले. "पाखराले मारून काय करतं?" ते म्हणाले. "त्याले भेव बसलं म्हणजे झालं. मले लहानाच दे बावा."

"भेव दाखवाले बंदूक काऊन पाह्यजे? थाळी हायेच घरी," काका म्हणाले आणि दुकानदारही हसला.

बाबांनी साडेचारची घेतली, काकांनी साडेपाचची. येताना ट्रकमध्ये काका बाबांच्या बंदुकीला खेळणं म्हणत होते, बाबा गालातल्या गालात हसत होते आणि छऱ्यांच्या दोन्ही डब्या माझ्या मांडीवर होत्या. त्या दोघांना शेजारी बसून हसताना मी पाहिलं ते शेवटचं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

त्या हंगामाचं सगळं मला नाकानं आणि बोटांनी आठवतं. बंदुकीला लावलेल्या तेलाचा वास. छर्रा भरायला नळी मोडताना होणारा कडक आवाज. छर्रे मचाणाच्या फळीवर ओळीनं मांडले की बोटांना लागणारं काळं. सकाळच्या थंडीत तोंडातून निघणारी वाफ, दवानं भिजलेली ज्वारीची पानं गालाला लागली की उठणारा शहारा. बाबा नेम धरायचे तो नेहमी पोपटांच्या वर, आभाळात. फट्ट आवाज व्हायचा, थवा उठायचा, बाबा समाधानानं बिडी पेटवायचे. बांधापलीकडे काकांचा आवाज जरा जड यायचा आणि त्यानंतर बऱ्याचदा काहीतरी पडायचं. बांधावर हिरवी पिसं सापडायची. मी ती गोळा करायची. बाबा तिकडे बघायचे नाहीत.

आणि मग ती सकाळ. बाबा साखरखेर्ड्याच्या बाजाराला गेले होते. मी ज्वारीत शिरले होते, एखादं चांगलं कणीस हेरायला. अंगात मामानं दिलेला लाल स्वेटर होता. अचानक पाठीमागून खांद्यात जळता निखारा घुसावा तसं झालं आणि मी तोंडावर पडले. आई धाटं मोडत धावत आली. तिनं मला उचललं, स्वेटर वर केला, काहीतरी पुसलं. मला ती गांधीलमाशी आठवते. पिवळा पट्टा असलेली, लांब पायांची, कणसाभोवती घोंगावत असलेली. मी तिचं वर्णन माझ्या मुलाला कितीतरी वेळा करून सांगितलं आहे.

डॉक्टर पडद्यावर ठिपक्याची दोन टोकं धरून मापाची रेघ ओढत होते, तेवढ्या वेळात मी काकांना गुन्हेगार ठरवून मोकळी झाले होते. दुसरं कोण असणार? आमच्या घरात काकांचं नाव चोर म्हणूनच घेतलं जायचं. ज्या दिवशी मला गांधीलमाशी चावली, त्याच दिवशी आमची बंदूक मचाणावरून नाहीशी झाली. बाबांना काकांची थट्टा आठवली. "ते खेळणं मले देऊन टाक दादा," असं काका आदल्याच दिवशी चार लोकांत म्हणाले होते. बाबांनी त्याच चार लोकांत विचारलं. काकांनी आधी हसण्यावारी नेलं, मग गजानन महाराजांची शपथ घेतली, मग तेही चिडले. पुढच्या हंगामात बांधावर तारेचं कुंपण आलं. माझ्या लग्नाला काका आले नाहीत, कारण त्यांना बोलावलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा ते स्मशानात आले, दूर निंबाखाली उभे राहिले आणि घरी न येता तिथूनच परत गेले. आम्हाला त्याचाही राग आला होता.

म्हणजे बंदूकही त्यांनीच नेली आणि मला छर्राही त्यांचाच लागला. सगळं कसं बरोबर बसत होतं.

"पावणेपाच दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पण फोटोत वस्तू आहे त्यापेक्षा जरा मोठीच येते, लहान येत नाही. म्हणजे तुमचा साडेचारचा म्हणायचा." मग माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं, "घाबरू नका. त्याच्याभोवती मांस धरलं आहे, आता तो तिथंच राहील. तुमचा खांदा आखडलाय तो वयानं. याचा त्याच्याशी संबंध नाही. मोठा छर्रा असता, आणखी आत गेला असता, तर काय झालं असतं सांगता येत नाही. फुप्फुस लांब नाही तिथून."

साडेचारचा. आमचा. बाबा बाजाराला गेलेले, मी ज्वारीत. मचाणावर एकच माणूस होतं.

बुलढाण्याहून चिखलीपर्यंत एसटीच्या खिडकीत मी फोटोचं ते मोठं पाकीट धरून बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा, मध्येच गहू, ज्वारीचा एखादाच पट्टा. आता ज्वारी फार कुणी पेरत नाही. वाटेत कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. पौषातल्या त्या सकाळी, दव पडलेलं असताना, तोंडातून वाफ निघत असताना, गांधीलमाशी उडालीच कशी? थंडीत त्या बाहेर पडत नाहीत. शेतकऱ्याच्या मुलीला हे ठाऊक असायला हवं होतं. आणि आई धावत आली ती "गांधीलमाशी चावली माय, गांधीलमाशी" असं म्हणतच आली होती. मी तोपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते.

मग मी पाहिलेला तो पिवळा पट्टा कुठून आला? ते लांब पाय, ते घोंगावणं? आईनं एक शब्द दिला आणि मी त्याला पंख, रंग, आवाज सगळं दिलं आणि आयुष्यभर खरं मानलं. जी आठवण सगळ्यात स्पष्ट होती तीच नव्हती. मग बाबांचं हसणं होतं का? मलकापूरचं दुकान होतं का?

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते. मी पोचले तेव्हा ती ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी काही न बोलता पाकिटातून फोटो काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिनं "हे काय" असं विचारलं नाही. चष्मा नीट केला, फोटो उन्हात धरला आणि तिचं बोट कुठेही न चाचपडता सरळ त्या ठिपक्यावर गेलं.

"अंदरच होता म्हणजे," ती म्हणाली.

"आई, तुला माहीत होतं?"

"नव्हतं. आणि होतंही." तिनं फोटो खाली ठेवला नाही. "तुझे बाबा रोज म्हणत, या लहान्या छऱ्यानं काही होत नाही. मले वाटलं, मंग आपण एकडाव उडवून पाहावं. रोज थाळी बडवून जीव जाय माहा. मी पोपटावर धरली अन् चाप ओढतानी हात खाली आला. मंग तू वरडली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मायनं पोरीवर बंदूक झाडली? भोक एवढुसं होतं, रगतही जास्त नाही. मले वाटलं, लागून खाली पडला असन. मी ज्वारीत शोधला, पोरी. तू तापानं फणफणत होती अन् मी गुडघ्यावर बसून माती चाळत होती. सापडला असता तर तुझ्या बाबाच्या हातावर ठेवून सांगणार होती, पाहा, बाहेरच हाय. नाहीच सापडला."

"आणि बंदूक?"

"इहिरीत टाकली. त्याच दिवशी."

मी तिच्याकडे बघत राहिले. ही बाई चहात साखर कमी झाली तरी शेजारणीकडे न मागता तसाच पिते. कुणाचं वाईट बोलत नाही. हिच्यासमोर बाबा काकांना चोर म्हणत होते, हिच्यासमोर बांधावर खांब रोवले गेले, हिच्यासमोर बाबा आजारी पडले, शेवटची भाकर खाल्ली, गेले. आणि ही गप्प होती.

"काकांचं नाव आलं तेव्हा तरी सांगायचं," मी म्हटलं.

"तवाच सांगाले पाह्यजे होतं. एक दिवस गेला. मंग दुसऱ्या दिवशी तेच सांगणं दुप्पट जड झालं. मंग वर्ष गेलं." तिनं एक शेंग उचलली आणि तशीच धरून ठेवली. "तुझ्या बाळंतपणात मी डॉक्टरीणबाईले विचारणार होती, अंगात शिसं राह्यलं तर लेकराले काही होते काय. दारापर्यंत गेली होती."

मला एकाएकी तेल आठवलं. लग्न होईपर्यंत दर रविवारी आई माझ्या पाठीला तेल लावायची. उजव्या खांद्याशी तिची बोटं थांबायची, दाबायची, पुन्हा फिरायची. मला त्याचं किती अप्रूप होतं. मैत्रिणींना सांगायची, आमच्या आईसारखं तेल कुणी लावत नाही. ती माया होतीच, पण ती बोटं इतकी वर्षं काहीतरी शोधत होती. मला रडू आलं नाही. राग आला का, तेही सांगता येत नाही. त्या दिवशी मी आणि ती शेजारी बसून जेवलो आणि एकमेकींकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई इस्त्रीचं लुगडं नेसून तयार होती. "मले भाऊजीकडे ने," ती म्हणाली.

काका अंगणात बाजेवर बसले होते. किती वाळले होते. काकूंनी आम्हाला फाटकात पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली. आई अंगणाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. काकूंनी खुर्ची दिली, ती बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं, मचाणावरून विहिरीपर्यंत. मला वाटलं होतं ती रडेल, हात जोडेल, तर तिनं तसलं काही केलं नाही. शाळेतल्या मुलीनं पाठ म्हणावा तसं सांगितलं, मध्ये कुठेच थांबली नाही.

काकांनी फोटो मागितला. आभाळाकडे धरून पाहिला. मग माझ्याकडे वळले. "लई दुखलं असन माय तुले," ते म्हणाले.

"आठवत नाही काका," मी म्हटलं. ते खरं होतं. मला आता कशाचीच खात्री नव्हती.

गोठ्यात गाय शेपटी आपटत होती. काकू पदराचं टोक तोंडात धरून दाराला टेकल्या होत्या. मला वाटलं आता ते उठतील, आम्हाला निघा म्हणतील. म्हणाले असते तरी आम्हाला तोंड नव्हतं. त्यांनी फोटो पाकिटात घातला, ते मांडीवर ठेवलं आणि आईकडे न बघता विचारलं, "वहिनी, एक सांगा. दादानं जाताना माहं नाव काढलं होतं काय?"

बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी उशाशी होते. काढलं होतं म्हणायला आईला काय लागणार होतं? त्या म्हाताऱ्या माणसाला तेवढं एक वाक्य उरलेल्या दिवसांना पुरलं असतं. आणि खोटं पचवायची सवय तर तिला होतीच. हो म्हण आई, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. मी तर मान हलवायलाही तयार होते.

"नाही भाऊजी," आई म्हणाली. "नाही काढलं."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या ठिपक्यानंही मला एवढं हलवलं नव्हतं.

काकांची मान दोनदा हलली. हनुवटी थरथरली ती त्यांनी हातानं धरली. मग तोच हात त्यांनी खुर्चीकडे केला.

"बसा वहिनी," ते म्हणाले. "कवाच्या उभ्या हाय."